बेसबॉलमधला २२-० : मोठ्या शटआउटमागचा इतिहास

१० मे २०२५ रोजी डेन्व्हरच्या कूर्स फील्डवर सॅन दिएगो पाद्रेसने यजमान कोलोरॅडो रॉकीजचा २१-० असा धुव्वा उडवला. दुसऱ्या दिवशी रॉकीज जिंकले, तरी मॅनेजर बड ब्लॅक यांची नोकरी गेलीच. नजर जाते ती २१ वर, पण खरी नवलाई शेजारच्या भोपळ्याची. मैलभर उंचीवरच्या या मैदानात हवा विरळ, चेंडू लांब जातो आणि दोन्ही बाजूंनी धावा निघतात. तिथे स्टीफन कोलेक या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) नऊच्या नऊ इनिंग, म्हणजे बॅटिंगच्या पाळ्या, एकट्याने टाकून एकही धाव दिली नाही.

मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेतला सर्वांत मोठा शटआउट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला शून्यावर रोखून मिळवलेला विजय, मात्र फार जुना आहे. २१ ऑगस्ट १८८३ रोजी प्रॉव्हिडन्स ग्रेजने फिलाडेल्फियाला २८-० असं लोळवलं. फिलाडेल्फियाचा, म्हणजे आजच्या फिलीजचा, लीगमधला तो पहिलाच हंगाम. १७ विजय आणि ८१ पराभव. त्या काळी पिचर बॅटरपासून जेमतेम ५० फुटांवर उभा राहायचा, क्षेत्ररक्षक बहुतेक उघड्या हातांनी चेंडू झेलायचे आणि दुखापतीशिवाय राखीव खेळाडू आत आणता येत नसे. त्यामुळे फिलाडेल्फियाचा पिचर आर्ट हेगन बिचारा मार खात राहिला. आजच्या सामन्यांशी त्या आकड्याची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

१९०० नंतरचा उच्चांक आहे २२-०, आणि तो दोनदाच झाला. पहिल्यांदा १६ सप्टेंबर १९७५ रोजी शिकागोच्या रिग्ली फील्डवर, पिट्सबर्ग पायरेट्सकडून यजमान शिकागो कब्ज या संघाविरुद्ध. पहिल्याच इनिंगमध्ये नऊ धावा! कब्जचा पिचर रिक रॉइशेल एकच बॅटर बाद करून परतला. पायरेट्सच्या रेनी स्टेनेटने सात वेळा बॅटिंगला येऊन सातही वेळा हिट मारला, म्हणजे चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठला. नऊ इनिंगच्या सामन्यात असं १८९२ नंतर कुणाला जमलं नव्हतं. सातवा हिट, एक ट्रिपल (थेट तिसऱ्या बेसपर्यंत नेणारा), त्याने रिकचा भाऊ पॉल याच्या चेंडूवर मारला. गंमत अशी, की महिनाही झाला नव्हता तोवर याच दोघा भावांनी मिळून डॉजर्सना शून्यावर रोखलं होतं. कब्जनी उट्टं काढायला ४७ वर्षं घेतली : एप्रिल २०२२ मध्ये त्याच मैदानावर पायरेट्सविरुद्ध २१-०.

दुसरा २२-० न्यूयॉर्क यांकीजच्या वाट्याला आला, तोही घरच्या मैदानावर. ३१ ऑगस्ट २००४. क्लीव्हलंडने पहिल्या तीन इनिंगमध्ये तीन-तीन धावा काढल्या, पाचवीत सहा आणि सामना कधीच संपल्यात जमा असताना नववीत आणखी सहा. ओमार विझकेलचे एकट्याचे सहा हिट. यांकीजच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा पराभव.

नववीतल्या त्या सहा धावांचं कारण बेसबॉलच्या रचनेतच आहे. क्रिकेटसारखी 'डिक्लेअर'ची सोय इथे नाही. प्रत्येक इनिंगचे तीन बाद घ्यावेच लागतात. मोठ्या फरकाने सामना थांबवण्याचा नियम वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये आहे, मेजर लीगमध्ये नाही. शिवाय हंगाम १६२ सामन्यांचा, जवळजवळ रोजचा. बुडालेल्या सामन्यासाठी चांगले पिचर दमवायचे कशाला, असा मॅनेजरचा साधा हिशेब. मग दुय्यम पिचर येतात, कधी तर एखाद्या क्षेत्ररक्षकालाच टाकायला उभं करतात. हे इतकं वाढलं, की २०२३ पासून क्षेत्ररक्षकाला पिचर करण्यावरचं बंधन कडक झालं : संघ आठ किंवा अधिक धावांनी मागे असेल तर केव्हाही, दहा किंवा अधिक धावांनी पुढे असेल तर फक्त नवव्या इनिंगमध्ये (जादा इनिंगमध्ये मात्र मुभा). म्हणजे फुगलेल्या आकड्यातला बराच भाग प्रतिस्पर्ध्याने सोडून दिलेला असतो. शून्य मात्र तसं फुकट मिळत नाही, कारण मागे पडलेल्या संघाचे बॅटर शेवटपर्यंत बॅट फिरवतच असतात.

तक्त्यात मात्र २२-० आणि १-० दोन्हींची किंमत एकच पराभव. त्या रात्री यांकीजची त्यांच्याच गटातल्या बॉस्टनवरची आघाडी साडेतीन सामन्यांवर घसरली, पण तो गट, म्हणजे ईस्ट डिव्हिजन, शेवटी यांकीजनीच जिंकला.