घोरतंय, झोपू द्या

रात्री अकराच्या पुढं पोरगं झोकांड्या खात येतं आणि ओसरीतल्या बाजेवर आडवं होतं. आई उठवायला जाते, तर शेजारचं कुणी म्हणतं, "घोरतंय, झोपू द्या. सकाळी उतरंल." पहाटे आई हात लावते तेव्हा अंग गार पडलेलं असतं, नखं निळी.

ते घोरणं झोपेचं नव्हतं. घसा ढिला पडून जीभ मागे सरकली होती आणि हवा अडत अडत, खरखर करत जात होती.

मेंदू जिथं मानेत उतरतो, तिथला छोटासा भाग आपला श्वास चालवतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की तो छातीला श्वास ओढायला लावतो, गाढ झोपेतही. नशेसाठी पितात त्या खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. यकृतात त्यातल्या काही भागाचं मॉर्फिन होतं, आणि ते नेमक्या याच भागाला बधिर करतं. संभाजीनगरात जिला 'बटन' म्हणतात ती नायट्राझेपामसारखी झोपेची गोळी, आणि दारू, या दुसऱ्या वाटेनं जातात. मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा जोर त्या वाढवतात. नुसत्या गोळीनं सहसा जीव जात नाही. गोळीवर दारू किंवा सिरप पडलं की सगळा भार श्वासावरच येतो.

मण्यार आठवा. तीही रात्री चावते, बरेचदा कळतही नाही, आणि श्वासाचे स्नायू लुळे पडून माणूस जातो. पण मण्यार चावली म्हटलं की अर्ध्या रात्री गाव जीप काढतं, "अंधारात कशाला निजला होतास?" असं कुणी विचारत बसत नाही. गोळी खाल्लेल्या पोराचाही श्वासच थांबत असतो. त्याच्यासाठी मात्र आधी दार लावलं जातं, लोक काय म्हणतील म्हणून. त्या बंद दारामागं गेलेली वेळ परत मिळत नाही.

म्हणून श्वास मोजा. मिनिटाला १२ ते २० हे नेहमीचं. दहाच्या खाली गेला, किंवा छातीच्या मधल्या हाडावर मुठीची हाडं जोरात चोळूनही डोळे उघडत नसतील, तर १०८ लावा. कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. ताक, लिंबू, मिठाचं पाणी काहीही पाजू नका. शुद्ध नसलेल्या माणसाच्या ते फुफ्फुसात उतरतं. श्वास थांबलाच तर नाक दाबून तोंडानं श्वास द्या, पाच सेकंदाला एक. गोळ्यांचं रिकामं पाकीट डॉक्टरांकडे न्या. लपवू नका, त्यावरूनच उपचार ठरतो: कोडीनवर नॅलॉक्सोनचं इंजेक्शन काही मिनिटांत काम करतं, 'बटन'वर त्याचा उपयोग नाही. नॅलॉक्सोनचा असर तास-दीड तासात उतरतो, त्यामुळं शुद्धीवर आला म्हणून लगेच घरी आणायचं नाही.

सगळ्यात जास्त धोका व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून परतल्यावर असतो. महिना-दोन महिन्यांत शरीराची सवय मोडलेली असते. जुनाच डोस आता जीव घेतो.

आपल्याकडे माळ घालून दारू सोडलेली माणसं गावोगाव आहेत, गाव त्यांना मान देतं, आणि तो द्यायलाच हवा. मग तोच माणूस दवाखान्यात जाऊन सुटला तर लेकीच्या सोयरिकीत ते आडवं का येतं? अनेक वर्षं रोज पिणाऱ्यानं एका दिवसात दारू तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, जीवही जातो. खोलीत कोंडून सोडवणं म्हणूनच घातक. माळ घालणाऱ्यानंही आधी डॉक्टरांना भेटावं.

२०१९च्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसलं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि नशेशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजारात मोजल्या आहेत. पोलिसांची भीती असेल तर १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातलं कलम ६४-अ माहीत असावं: स्वतःहून उपचाराला गेलेल्या व्यसनी माणसाला नशा केल्याच्या किंवा थोडा माल बाळगल्याच्या खटल्यापासून ते संरक्षण देतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे. पिणाऱ्यानंच लावायला हवा असं नाही, आईनं किंवा बायकोनं लावला तरी चालतो.