पोहण्याच्या स्पर्धेला जाण्यापूर्वी : स्पर्धक मुले आणि पालकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

खान्देशाला पोहणे नवे नाही. पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलेले आजोबा तापी-गिरणेकाठच्या गावांत आजही भेटतात, आणि आमच्या जलतरण वर्गात येणाऱ्या कित्येक मुलांचे पाण्याचे भय अशा विहिरीतच गेलेले असते. मात्र स्पर्धेतले पोहणे हे नियमांनी बांधलेले पोहणे आहे. जिल्ह्याच्या स्पर्धेतून नाशिक विभागाच्या आणि पुढे राज्याच्या स्पर्धेपर्यंत जाऊ पाहणारी मुले वेगात कमी पडण्याआधी नियमात अडकतात, हे आम्हांला वारंवार जाणवते. ते टळावे आणि मुलांबरोबर पालकांनाही नियमांची ओळख व्हावी, यासाठी हे माहितीपत्रक आपल्या हाती देत आहोत.

सर्वप्रथम वयाविषयी. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात, तर जलतरण संघटनांच्या स्पर्धांचे वयोगट वेगळे असतात. त्यामुळे आपला पाल्य कोणत्या गटात बसतो आणि वय कोणत्या तारखेला धरले जाते, हे त्या त्या स्पर्धेच्या परिपत्रकातच पाहावे. जन्मदाखल्यावरील तारीख जशी आहे तशीच दिली जाईल. वय कमी दाखवून खालच्या गटात मुलाला उतरवण्याची विनंती कृपया कोणीही करू नये. असे पदक दुसऱ्या एखाद्या मुलाच्या हक्काचे असते, आणि आपल्या मुलाला ते कसे मिळाले हे त्याला स्वतःला ठाऊक असते. या बाबतीत आम्ही कोणाचीही भीड ठेवत नाही.

स्पर्धेच्या दिवशी शर्यतीपूर्वी सरावासाठी तलाव खुला केला जातो आणि बेशिस्त सर्वांत जास्त तिथेच होते. विहिरीत काठावरून सूर मारण्याची सवय असलेली मुले गर्दीच्या तलावातही तशीच उडी घेतात. खाली कोणी पोहत असेल तर दोघांनाही गंभीर इजा होऊ शकते. तलाव कमी खोल असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणूनच स्टार्टिंग ब्लॉकसमोर (शर्यतीची उडी घेण्याच्या काठावरील चौथऱ्यासमोर) पाण्याची खोली किमान १.३५ मीटर असावी असा नियम आहे. सरावाच्या वेळी काठावर बसून, पाय आधी पाण्यात सोडून उतरावे, सूर मारण्यासाठी राखून ठेवलेली लेन (दोऱ्यांनी आखलेली पट्टी) असेल तरच आणि कोचने सांगितल्यावरच सूर मारावा, लेनमध्ये एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परतावे आणि भिंतीपाशी मधोमध थांबून इतरांची वाट अडवू नये.

शर्यतीची सुरुवात हा मुलांना सर्वाधिक गोंधळात टाकणारा भाग असल्यामुळे त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. रेफरीने (मुख्य पंचाने) लागोपाठ छोट्या शिट्ट्या वाजवल्या की अंगावरचे कपडे काढून तयार राहायचे असते. त्यानंतरच्या एका लांब शिट्टीला ब्लॉकवर चढायचे असते. बॅकस्ट्रोकमध्ये (पाठीवर पोहण्याच्या प्रकारात) पहिल्या लांब शिट्टीला पाण्यात उतरून दुसऱ्या लांब शिट्टीला पकड घेण्याच्या जागी यायचे असते. मग स्टार्टर (शर्यत सुरू करणारा पंच) ‘टेक युअर मार्क्स’, म्हणजे सुटण्याच्या पवित्र्यात या, असे म्हणतो, सर्व स्पर्धक स्थिर झाले की सुरुवातीचा आवाज होतो. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांच्या कानाला हे इंग्रजी शब्द परके असतात, म्हणून घरी अंगणात उभे करून दोन-चार वेळा हा क्रम त्यांच्याकडून करून घ्यावा. आवाजाआधी सुटणाऱ्यास दुसरी संधी नाही. एका चुकीच्या सुरुवातीलाच स्पर्धक बाद होतो. बहुतेक वेळा त्याच्यासाठी शर्यत थांबवतही नाहीत. मूल पूर्ण अंतर पोहून येते, दम खात काठाला टेकते, गॉगल कपाळावर सरकवून गॅलरीत आईला शोधते, आणि निकालाच्या कागदावर मात्र त्याच्या नावापुढे वेळेऐवजी ‘डीक्यू’ (डिस्क्वालिफाइड, म्हणजे बाद) लिहिलेले असते. अशा क्षणी पालक अधिकाऱ्यांवर ओरडू लागले की मूल आपली चूक समजून घेण्याऐवजी ओशाळून जाते.

फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक (छातीवर, बेडकासारखे पोहणे) आणि बटरफ्लाय (दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढे टाकत पोहणे) या चारही प्रकारांचे सगळे नियम इथे देता येणार नाहीत; जिथे मुले हमखास बाद होतात तेवढेच सांगतो. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये प्रत्येक टर्नला (भिंतीपाशी वळून परत फिरताना) आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. शेवटच्या क्षणी एक हात लांबवून भिंत गाठण्याचा मोह अनेकांना महागात पडतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सुरुवातीला आणि प्रत्येक टर्ननंतर बटरफ्लायची एकच किक चालते. बॅकस्ट्रोकमध्ये टर्नसाठी पोटावर वळल्यावर पाण्यात तरंगत राहता येत नाही, हाताची एक सलग ओढ घेऊन लगेच टर्न घ्यावा लागतो, आणि शर्यत संपवताना पाठीवरच असावे लागते. भिंतीपासून ५ मीटरवर टांगलेल्या पताका त्यासाठीच असतात. पताका दिसल्यापासून भिंतीपर्यंत आपले हात किती पडतात, हे प्रत्येक नव्या तलावात सरावाच्या वेळी मोजून घ्यावे. ब्रेस्टस्ट्रोक वगळता इतर प्रकारांत उडीनंतर आणि टर्ननंतर १५ मीटरच्या आत डोके पाण्यावर आलेच पाहिजे. फ्रीस्टाइलच्या शर्यतीत कोणत्याही पद्धतीने पोहता येते, त्यामुळे विहिरीत शिकलेल्या, डोके वर ठेवून पोहणाऱ्या मुलानेही बिचकण्याचे कारण नाही. फ्रीस्टाइलमध्ये फार दमल्यास तळाला पाय टेकून क्षणभर उभे राहिले तरी चालते. पण पावले टाकता येत नाहीत आणि लेनची दोरी ओढून पुढे सरकता येत नाही.

आपली शर्यत संपली तरी इतरांची संपलेली नसते. शेवटचा स्पर्धक येईपर्यंत आपल्याच लेनमध्ये शांत थांबावे, शेजारच्या लेनमधील स्पर्धकाशी दोरीवरून हात मिळवावा आणि सांगितल्यावरच बाहेर यावे. रिलेमध्ये (संघातील मुलांनी एकामागून एक पोहण्याच्या शर्यतीत) तर सर्व संघांचे पोहणे पूर्ण होण्याआधी आनंदाच्या भरात पाण्यात उडी घेणारा एक मुलगा संपूर्ण संघाला बाद करू शकतो. बाहेर आल्यावर आपल्या लेनच्या टाइमकीपरला ‘धन्यवाद सर’, ‘धन्यवाद मॅडम’ म्हणावे. ही मंडळी सकाळपासून ओल्या फरशीवर उभी असतात, आणि एवढे दोन शब्द मुलांनी न सांगता म्हटले तर आम्हांला पदकाइतकाच आनंद होतो.

पालकांची जागा गॅलरीत आहे. तलावाच्या काठावर येऊन मुलाबरोबर धावत सूचना देणे, कोच बोलत असताना मध्ये आपले सांगणे, दुसऱ्याच्या मुलाविषयी त्याला ऐकू जाईल असे बोलणे, हे कटाक्षाने टाळावे. कपडे बदलण्याच्या खोलीत मोबाइल बाहेर काढूच नये, मग तो मुलांच्या हाती असो वा मोठ्यांच्या. इतरांच्या मुलांची छायाचित्रे त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नयेत. एखादा निर्णय चुकीचा वाटल्यास आधी कोचशी बोलावे. हरकत घेण्याचा अधिकार संघाच्या व्यवस्थापकाला असतो, ती लेखी आणि शुल्क भरून द्यावी लागते, आणि तिची मुदत शर्यतीनंतर ३० मिनिटांचीच असते. म्हणून गॅलरीतील चर्चेत वेळ घालवू नये. हरकत फेटाळली गेली तर तो निर्णय आम्ही मान्य करतो आणि आपणही करावा, अशी आमची अपेक्षा आहे.

साहित्याविषयी थोडक्यात. मुलांचा कॉस्च्युम बेंबीच्या वर किंवा गुडघ्याच्या खाली जाणारा नसावा. मुलींचा मान झाकणारा, खांद्यापलीकडे जाणारा किंवा गुडघ्याखाली जाणारा नसावा. गॉगल नवा घेतल्यास सरावात वापरून मगच शर्यतीला लावावा आणि एक जास्तीचा सोबत ठेवावा. सकाळच्या शर्यतीआधी शेवभाजीसारखे तिखट व जड खाणे देऊ नये. आपल्याकडे बारा महिने मिळणारी केळी आणि साधे पाणी पुरेसे आहे.

नाव नोंदवताना जन्मदाखला आणि आधार कार्डाची प्रत कार्यालयात आणून द्यावी. ताप, कानदुखी किंवा जुलाब असल्यास मुलाला पाण्यात उतरवू नये आणि त्याचे नाव वेळेत मागे घेता यावे यासाठी आदल्या संध्याकाळपर्यंत कोचना कळवावे.