बर्फ काढण्यासाठी जुना छोटा ट्रॅक्टर घेताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जुना ट्रॅक्टर बघायला येणारे बहुतेक ग्राहक पहिल्यांदा एचपी विचारतात. आम्ही मात्र त्यांना आधी दोन वेगळे प्रश्न विचारतो. बर्फ किती जागेवरचा काढायचा आहे, आणि काढलेला बर्फ टाकणार कुठे? या उत्तरांवरून अवजार ठरतं, अवजारावरून ट्रॅक्टर ठरतो आणि एचपीचा प्रश्न त्या ओघात सुटतो. क्रम उलटा झाला की ट्रॅक्टर चांगला मिळतो, पण हवं ते अवजार त्याला बसत नाही. अशी अडचण घेऊन येणारे लोक आम्हाला नेहमी भेटतात, म्हणून हे पत्रक.

आधी हिशेब बर्फाचा

ताजा, कोरडा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण 50 ते 100 किलो भरतो. तोच काही दिवस पडून दबला की 200 ते 300 किलो होतो, आणि ओला बर्फ त्याच्याही पुढे जातो. समजा तुमचा रस्ता 100 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद आहे आणि त्यावर 30 सेंटीमीटर बर्फ पडला. हा झाला 90 घनमीटर माल. कोरडा असेल तर फार तर 9 टन, पण 300 किलोच्या भावाने ओला धरला तर निदान 27 टन! रस्ता तोच, जाडीही तीच, काम मात्र तिप्पट. ट्रॅक्टर निवडताना वाईटातला वाईट दिवस डोळ्यांसमोर ठेवा. मुख्य रस्ता साफ करणारी गाडी तुमच्या फाटकासमोर जो घट्ट बांध सोडून जाते, तोही या हिशेबात धरा. घरच्या यंत्राची खरी परीक्षा बहुधा तिथेच होते.

ब्लेड की ब्लोअर

ब्लेडने काम झपाट्याने होतं आणि त्याची देखभालही कमी. पण ब्लेड बर्फ फक्त ढकलतं. कडेला लोटलेला बर्फ रात्रीत गोठून दगडासारखा होतो, पुढच्या वेळी त्याच्या अलीकडेच थांबावं लागतं आणि हिवाळा सरेपर्यंत रस्ता दोन्ही बाजूंनी आत सरकत येतो. कडेला मोकळी जागा भरपूर असेल, किंवा दोन बर्फवृष्ट्यांच्या मध्ये बर्फ वितळत असेल, तर ब्लेड पुरतं. नसेल तर ब्लोअर घ्यावा, म्हणजे बर्फ उचलून लांब फेकता येतो.

लोडरच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बकेट उचलणाऱ्या यंत्रणेच्या, हातांना ब्लेड लावायचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ते हात ओझं उचलण्यासाठी बनवलेले असतात, बाजूने बसणारे धक्के खाण्यासाठी नव्हे. बर्फाखाली दडलेल्या दगडाला किंवा फरशीच्या कडेला तिरकं ब्लेड अडलं की हात पिळवटतात. म्हणून अडथळा लागताच खालची कड मागे सरकणारं, स्प्रिंगचं ब्लेड घ्या. जुन्या लोडरवर पिनांच्या बुशांमध्ये किती ढिलाई आहे आणि वेल्डिंगपाशी रंगाला भेगा आहेत का, हे टॉर्च लावून बघा. व्हॉल्व्हला फ्लोट आहे का, आणि लिव्हर त्या जागी टिकतो का, हेही तपासा. फ्लोटमध्ये ब्लेड जमिनीच्या चढउताराप्रमाणे आपोआप वरखाली होतं. फ्लोट नसेल तर दिवसभर एक हात लिव्हरवरच राहतो.

ब्लोअरमध्ये दोन मार्ग आहेत. मागे बसणारा ब्लोअर कॅटेगरी 1 च्या थ्री-पॉइंट लिंकेजवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या तीन टोकांच्या ठराविक मापाच्या जोडणीवर, चढतो, त्यामुळे उद्या ट्रॅक्टर बदलला तरी ब्लोअर बहुधा कामी येतो. तो स्वस्तही पडतो. पण सगळं काम रिव्हर्समध्ये, मान मागे वळवून करावं लागतं. रस्ता छोटा असेल तर हे चालून जातं. मानेचा किंवा कमरेचा त्रास असणाऱ्याने मात्र तो घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पुढे बसणारा ब्लोअर चालवायला सोपा, पण त्याला ट्रॅक्टरच्या पोटाखालचा मिड-पीटीओ (अवजाराला ताकद देणारा फिरता दांडा) लागतो आणि त्याची फ्रेम विशिष्ट मॉडेलसाठीच बनलेली असते. एका कंपनीचाच, पण दुसऱ्या मालिकेतला ट्रॅक्टर असला तरी ती बसेलच असं नाही. म्हणून पुढचा ब्लोअर हवा असेल तर ट्रॅक्टर, फ्रेम, शाफ्ट आणि ब्लोअर असा पूर्ण जोड एकाच ठिकाणाहून घ्यावा. 'फ्रेम नंतर मिळेल' या भरवशावर ट्रॅक्टर घेऊ नका.

ब्लोअरच्या रुंदीचं माप पकडीसाठी चेन चढवलेल्या मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांपासून घ्या. ब्लोअर त्याहून अरुंद असला की एक चाक सतत न काढलेल्या बर्फावर चढतं आणि ट्रॅक्टर कलता चालतो.

पीटीओ कसा जोडलेला आहे?

पीटीओ म्हणजे इंजिनाची ताकद अवजारापर्यंत नेणारा फिरता दांडा. मागचा बहुधा मिनिटाला 540 फेऱ्यांचा असतो, पोटाखालचा साधारण 2000 च्या आसपास. जुन्या ट्रॅक्टरांत तो इंजिनाला कसा जोडलाय, यावर बर्फातलं सगळं सुख-दुःख अवलंबून आहे. एचपीपेक्षाही आम्ही याला जास्त महत्त्व देतो.

साध्या रचनेत क्लच दाबला की चाकंही थांबतात आणि पीटीओही. ओल्या बर्फात याने काय होतं बघा. ब्लोअरच्या तोंडात माल जास्त झाला, इंजिनाचा आवाज बसायला लागला, म्हणून तुम्ही क्लच दाबला. ट्रॅक्टर थांबला, पण पंखाही थांबला आणि फेकायच्या नळीत अर्धवट चढलेला बर्फ तिथेच बसला. मग इंजिन बंद करा, खाली उतरा, काठीने नळी मोकळी करा, परत चढा. दर काही मीटरवर हेच.

लाइव्ह पीटीओमध्ये क्लचला दोन टप्पे असतात. पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पंखा फिरत राहतो आणि तोंडातला माल फेकून मोकळा होतो. इंडिपेंडंट पीटीओला वेगळा क्लच असतो, त्याचा चाकांशी काही संबंध नाही. ब्लोअर लावणार असाल तर या दोन्हींपैकी एक हवाच. बघताना पीटीओ चालू करून, ट्रॅक्टर अगदी हळू चालवत क्लच दाबत जा आणि चाकं थांबल्यावर दांडा फिरतोय का, हे दुसऱ्या माणसाला लांब उभं राहून पाहू द्या.

ब्लोअरच्या पुस्तिकेत किमान आणि कमाल एचपी दिलेली असते. ती बहुधा पीटीओवरची असते. बोनेटवरचा आकडा बहुतेक वेळा इंजिनाचा असतो आणि पीटीओवर त्याहून कमी ताकद पोचते. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकं फिरवणाऱ्या, ट्रॅक्टरात ही घट आणखी थोडी जास्त. तरीही बर्फासाठी आमची पसंती हायड्रोस्टॅटिकलाच. पुढे-मागे, पुढे-मागे असं हे काम आहे आणि त्यात पेडलने वेग हवा तितका कमी करता येतो, पंखा मात्र पूर्ण वेगाने फिरत राहतो. गिअरचा ट्रॅक्टर घेणार असाल तर निदान शटल घ्या, म्हणजे दिशा एकाच लिव्हरने बदलते.

हायड्रोस्टॅटिक थंड असताना तपासून उपयोग नाही. थंड तेल घट्ट असतं, त्यामुळे झिजलेला पंपही जोरदार वाटतो. अर्धा तास काम करून तेल तापू द्या, मग चढावर न्या. तापल्यावर ताकद गळत असेल, किंवा पेडलवरून पाय काढल्यावरही ट्रॅक्टर सरकत असेल, तर दुरुस्तीचा खर्च धरूनच बोलणी करा.

पकड आणि ब्रेक

फोर व्हील ड्राइव्ह नसलेला ट्रॅक्टर आम्ही बर्फासाठी सुचवत नाही. पण तो नुसता असून भागत नाही, चालूही हवा. सैल मातीवर तो लावून ट्रॅक्टर चालवा आणि पुढची चाकं खरोखर ओढतात का बघा. चारही टायरांची मापं पुस्तिकेशी ताडून पाहा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्यांचं प्रमाण गिअरमध्ये पक्कं केलेलं असतं. कुणी भलत्याच मापाचे टायर घातले असतील तर दोन्ही धुरे एकमेकांविरुद्ध ओढतात आणि आतले गिअर झिजतात.

टायरांच्या नक्षीवरून बरेच वाद होतात. शेतीचे खोल दात मऊ बर्फात धरतात, औद्योगिक आर-4 टायर दबलेल्या बर्फावर घसरतात आणि काचेसारख्या गुळगुळीत गोठलेल्या बर्फावर दोन्हींचा भरवसा नाही. तिथे चेनच लागते. टायर आणि मडगार्ड यांच्यात, तसंच टायर आणि लोडरच्या चौकटीत, चेन फिरण्याइतकी जागा आहे का ते बोटांनी चाचपून बघा. नसेल तर चाक बाहेर सरकवणारे स्पेसर लागतील.

मागच्या टायरांत वजनासाठी द्रव भरलेला असेल तर तो कोणता, हे विचारा. कॅल्शियम क्लोराइडचं पाणी गोठत नाही, पण गळलं की रिम खातं. व्हॉल्व्हच्या भोवती पांढरट किंवा तांबूस खपली दिसली तर रिम आतून किती शाबूत आहे, याची खात्री करून घ्या.

आता जिवाची गोष्ट. अनेक छोट्या ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. फोर व्हील ड्राइव्ह लावलेला असला की पुढची चाकंही त्या ब्रेकला जोडली जातात. बकेट भरलेली, मागे वजन नाही, फोर व्हील काढलेला आणि बर्फाळ उतार, असं जमून आलं की मागची चाकं हलकी पडतात आणि ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घसरत राहतो. उतारावर फोर व्हील कायम ठेवा, बकेट जमिनीलगत ठेवा आणि मागे वजन लावा. डोक्यावरची सुरक्षा चौकट उभी आणि पट्टा बांधलेला हवा. चौकट नसलेला ट्रॅक्टर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

इंजिन थंड असतानाच पाहा

विकणाऱ्याला आधीच सांगा की ट्रॅक्टर सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. ग्लो प्लगचा (सुरू करण्याआधी इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) दिवा जाऊ द्या आणि मग किल्ली फिरवा. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर ठीक. तापल्यावरही निळा धूर राहिला तर इंजिन तेल जाळतंय. रेडिएटरच्या तोंडाशी तेलाचा तवंग दिसला तर तिथेच थांबा. कूलंटमध्ये अँटिफ्रीझ आणि पाणी निम्मं निम्मं असेल तर ते साधारण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. नुसतं पाणी घालून कुणी ट्रॅक्टर एक हिवाळा जरी उघड्यावर ठेवला असेल, तर इंजिनाच्या ब्लॉकला चीर गेलेली असू शकते.

बॅटरीवरचा सीसीएचा, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायच्या ताकदीचा, आकडा उणे 18 अंशांना मोजलेला असतो. तुमच्याकडच्या थंडीत तोच आकडा उपयोगाचा. इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर बसवलेला असेल तर चांगलंच.

हायड्रॉलिक तेलाची काडी काढून प्रकाशात धरा. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, लिफ्ट आणि पॉवर स्टिअरिंग यांना एकच तेल असतं. ते पाणी फिल्टरमध्ये गोठलं की लिफ्ट उचलत नाही आणि स्टिअरिंग जड होतं, तेही नेमकं कडाक्याच्या सकाळी.

ट्रॅक्टर किती तास चालला ते दाखवणाऱ्या अवरमीटरवर डोळे मिटून विश्वास नको. नीट सांभाळलेलं छोटं डिझेल इंजिन हजारो तास चालतं, त्यामुळे 1500 तास हा आकडा घाबरण्यासारखा नाही. पण मीटर 400 दाखवत असेल आणि पेडलचं रबर गुळगुळीत, लोडरच्या पिना सैल असतील, तर पिनांचं ऐका. मीठ टाकलेल्या रस्त्यांवर कंत्राटी काम केलेल्या ट्रॅक्टरात वायरींचे जोड, हायड्रॉलिक नळ्यांची टोकं आणि मडगार्डच्या आतली बाजू बघा.

सीटखालच्या सेफ्टी स्विचच्या वायरी जोडून टाकलेल्या आढळतात. मागचा ब्लोअर चालवताना माणूस वळून उठतो, इंजिन बंद पडतं, म्हणून कुणीतरी तो उपाय केलेला असतो. स्विच परत चालू करून घेतल्याशिवाय ट्रॅक्टर ताब्यात घेऊ नका. ब्लोअरचे शिअर बोल्ट, म्हणजे अडथळा आला की आधी तुटावेत म्हणून ठेवलेले कमजोर बोल्ट, तेही तपासा. त्यांच्या जागी साधे कडक बोल्ट बसवलेले असतील तर दगड आल्यावर बोल्टाऐवजी गिअरबॉक्स तुटतो.

सुमारे 25 एचपीच्या वरच्या, 2013 नंतरच्या अनेक ट्रॅक्टरांत धुराचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. रोज थोडा वेळच आणि मंद गतीवर चालवलं तर तो तुंबतो. छोट्या रस्त्यासाठी त्याखालचा ट्रॅक्टर पुरत असेल तर तोच घ्या. जपानमध्ये शेतात वापरून परदेशी आलेले कुबोटा, यानमार, इसेकी मजबूत असतात. पण त्यांची काही मॉडेलं जपानबाहेर कधीच विकली गेली नाहीत, त्यामुळे सुटे भाग आधी विचारा. काहींना पीटीओचे दोन-तीन वेग असतात. 540 चा ब्लोअर वरच्या वेगावर कधीही चालवू नका.

आमच्याकडे येताना

रस्त्याची लांबी-रुंदी, उतार कुठे आहे, जमीन खडीची की डांबराची, आणि ट्रॅक्टर ठेवायच्या जागेच्या दाराची उंची लिहून आणा. खडी असेल तर ब्लोअरचे टेकू दोन-तीन सेंटीमीटर वर बसवून देऊ. बर्फ टाकायच्या जागेचा फोटो आणलात तर फार बरं. कोणता ट्रॅक्टर बघायचा आहे ते आदल्या दिवशी कळवा, म्हणजे त्या सकाळी तो आम्ही सुरू करणार नाही. किल्ली तुम्हीच फिरवा.