अक्षरं पसरट दिसली म्हणजे मॉनिटर गेला?

जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकलं, अक्षरं पसरट झाली, की कुणीतरी ठरलेलं वाक्य टाकतं: "मॉनिटर गेला." बहुतेकदा तो ठणठणीत असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या भागांची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर' दिसलं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच नाही, म्हणजे चित्र दाखवणारा भाग नीट चालवणारं सॉफ्टवेअरच टाकलेलं नाही. विंडोज कामचलाऊ चित्र दाखवतंय. ड्रायव्हर आहे, तरी रिझोल्यूशन (पडद्यावरच्या आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या) १०२४ बाय ७६८च्या वर सरकत नाही? मग मॉनिटर कॉम्प्युटरला जोडणारी व्हीजीए केबल काढून तिच्या पिना बघा. तिच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून मॉनिटर आपलं खरं रिझोल्यूशन कॉम्प्युटरला कळवतो. स्वस्तातल्या काही केबलींत या पिनांच्या तारा जोडलेल्याच नसतात! ९ क्रमांकाची पिन गायब दिसली तर मात्र घाबरू नका, चांगल्या केबलींतही ती अनेकदा नसते.