मृत्यूची वेळ मिनिटावर सांगता येते का?

रहस्यकादंबरीतला शवविच्छेदन करणारा डॉक्टर प्रेताला हात लावतो आणि सांगतो, "रात्री सव्वादोन." आपल्या खान्देशातही अनेकांना हे खरंच वाटतं. तसं नसतं.

मृत शरीर साधारण ३७ अंशांवरून भोवतालच्या हवेइतकं थंड होत जातं, त्यावरून अंदाज बांधतात. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४ वर जातो. केळीच्या मळ्यातल्या पत्र्याच्या पंपघरात, भरदुपारी पडलेलं प्रेत थंड होणार तरी कसं? उलट तापतं! चेहऱ्यापासून सुरू होणारा ताठरपणाही उन्हाळ्यात लवकर येतो, लवकर ओसरतो.

म्हणून प्रामाणिक डॉक्टर अहवालात मिनिट नाही, 'अमुक ते अमुक तासांदरम्यान' असं लिहितो. हे त्याचं अज्ञान मुळीच नव्हे. बाकीचं शेवटचा फोन, शेवटचं जेवण, शेवटचं पाहणारा माणूस यांवरून पोलीस जुळवतात.