झायनच्या घळींचं परमिट : अर्ज नेमका कुठे अडतो

मार्च-एप्रिल आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन ठरलेला. "जुलैत युटाला चाललोय, झायनमध्ये सबवे करायचाय, परमिटचं काय ते सांग ना." (झायन हे अमेरिकेच्या युटा राज्यातलं राष्ट्रीय उद्यान, सबवे ही त्यातली एक घळ.) मी सांगतो. जूनअखेरीस दुसरा फोन येतो, "नाही मिळालं." लॉटरीत नंबरच लागला नाही, असे काही असतात, त्याला इलाज नाही. पण बाकीच्यांची चौकशी केली की कळतं, अर्ज चुकीच्या ठिकाणी गेलाय, चुकीच्या तारखेचा आहे, नाहीतर ज्याच्या नावावर आहे तो माणूसच येणार नाहीये. त्यासाठी हे लिहितोय. फॉर्म भरणं सोपं आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

आधी घळ कुणाची ते बघा

वाळवंटातल्या या अरुंद घळी फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात. लालसर खडकाच्या भिंती, वर आभाळाची एक फट. कागदावर मात्र त्यांचे मालक वेगवेगळे आहेत. झायन आणि कॅपिटॉल रीफ नॅशनल पार्क सर्व्हिसकडे, बकस्किन गल्च ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमीन खात्याकडे, अँटिलोप कॅनियन नवाहो नेशनकडे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या स्वायत्त प्रदेशाकडे. एकाचं परमिट दुसऱ्याकडे चालत नाही, आणि एकाचा नियम दुसऱ्याला लावला की घोळ होतो.

सगळ्यात मोठा घोळ गाइडचा. अँटिलोपमध्ये नवाहो नेशनने मान्यता दिलेल्या गाइडशिवाय पाऊल टाकता येत नाही. झायनमध्ये नेमकं उलट आहे. पार्कच्या हद्दीत पैसे घेऊन कॅनियनिअरिंगला, म्हणजे दोर लावून घळ उतरायला, नेणाऱ्या गाइडला परवानगीच नाही. पार्कच्या दाराशी ज्या गाइड कंपन्या दिसतात त्या लोकांना पार्कबाहेरच्या घळींत नेतात. त्यामुळे "गाइड ठरवलाय, परमिट तोच काढेल" असं म्हणणाऱ्यांनी बुकिंगचा ईमेल पुन्हा उघडून घळीचं नाव वाचावं. ती सबवे नसणार.

दुसरा घोळ बकस्किनजवळच्या वायर पास या पार्किंगचा. एकाच ट्रेलहेडवरून (पायवाटेच्या सुरुवातीपासून) दोन वाटा निघतात : एक बकस्किन गल्चला, दुसरी 'द वेव्ह' या प्रसिद्ध खडकाकडे, म्हणजे कायोटी ब्यूट्स नॉर्थला. लॉटरी वेव्हची आहे, दिवसाला ६४ माणसं. बकस्किनमध्ये दिवसाउजेडी जाऊन परत यायचं असेल तर लॉटरी नाही. माणशी ६ डॉलर भरायचे, कुत्रा बरोबर असेल तर त्याचेही ६. वेव्हची लॉटरी लागली नाही म्हणून बकस्किनची सहल रद्द केलेले लोक मी पाहिलेत. बकस्किनमध्ये मुक्काम करायचा असेल तर मात्र आधी आरक्षण हवं. तिथे दिवसाला २० जणांनाच सोडतात आणि शौचाच्या पिशव्या बरोबर नेऊन भरलेल्या परत आणाव्या लागतात.

कॅपिटॉल रीफमध्ये परमिट फुकट आहे, पण काढावं लागतंच. ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटीमधल्या पीकाबू आणि स्पूकी या घळींना दिवसाच्या फेरीसाठी परमिट लागत नाही. पोरांना घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी खरं तर तिथूनच सुरुवात करावी. पण सगळ्यांना सबवेच हवी असते. असो.

पात्रता

झायनमध्ये दोर लावून उतरायच्या प्रत्येक घळीला परमिट लागतं. सबवेला वरून उतरा की खालून चालत जा, दोन्ही वेळा लागतं. नॅरोज ही व्हर्जिन नदीची घळ वरून खालपर्यंत पूर्ण करायची असेल तरी लागतं. खालून, टेंपल ऑफ सिनावावापासून नदीच्या पात्रातून बिग स्प्रिंग्जपर्यंत जाऊन परत फिरणाऱ्यांना लागत नाही.

अर्जदार सज्ञान हवा आणि तो स्वतः सहलीत असायला हवा. नागरिकत्वाची अट नाही. रॅपलिंगचं (दोरावरून उतरण्याचं) सर्टिफिकेट, डॉक्टरांचा दाखला, विमा यातलं काहीही कुणी मागत नाही. लोक हे कागद गोळा करत बसतात. मला त्यातली दुसरी बाजू जास्त खुपते : कागद मागत नाहीत म्हणजे तुम्हाला येतंय की नाही हे कुणी तपासतही नाही. झायनमधल्या पाइन क्रीक घळीचा शेवटचा रॅपल साधारण १०० फुटांचा आहे. त्याच्या वरच्या डोहांना ऊन लागत नाही, त्यामुळे बाहेर ३८ अंश असतानाही आत वेटसूटशिवाय दात वाजतात. "दोर दुकानातून भाड्याने घेऊ, तिथेच शिकू" असं म्हणणाऱ्यांना मी अर्ज करायला मदत करत नाही.

कागदपत्रं

मुख्य कागद एकच : ग्रुप लीडरचं फोटो असलेलं ओळखपत्र. आणि आपली माणसं अडतात तीही इथेच. पासपोर्टवर स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव. रेक्रिएशन डॉट गव्ह या अर्जाच्या वेबसाइटवरच्या खात्यावर मात्र 'सनी' आणि आडनाव, कारण ते खातं पाच वर्षांपूर्वी तंबूची जागा बुक करताना घाईत उघडलेलं. परमिट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, म्हणून काउंटरवरच्या माणसाला नाव जुळायलाच हवं. अर्जाआधी खात्यावरचं नाव ओळखपत्राप्रमाणे करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

त्याच कारणाने लीडर कोण हे नीट ठरवा. ग्रुपमध्ये ज्याची टायपिंग जोरात तो अर्ज भरतो, आणि ऐन वेळी त्यालाच सुट्टी मिळत नाही. मग बाकी सगळे तयार असले तरी परमिट गेलं. ज्याचं येणं सगळ्यात पक्कं, त्याच्या नावावर अर्ज. एकाच सहलीसाठी नवरा-बायकोने वेगवेगळे अर्ज टाकून नशीब आजमावण्याआधी त्या लॉटरीचा नियम वाचा; जास्तीचे अर्ज सापडले की सगळेच बाद होऊ शकतात.

दुसरा अडणारा तपशील म्हणजे गाडीचा नंबर. भाड्याची गाडी विमानतळावर चावी हातात पडेपर्यंत कोणती ते कळत नाही, आणि फॉर्म तिचं वर्णन विचारतो. लोक इथे घाबरतात किंवा काहीही ठोकून देतात. गाडी मिळाल्यावर नंबर दुरुस्त करून घ्या, लपवण्यासारखं त्यात काही नाही. रात्री पार्किंगमध्ये गाडी उभी दिसली की रेंजर तो नंबर बघूनच कोण परतलं नाही ते शोधतात. सबवे वरून करणार असाल तर सुरुवात वाइल्डकॅट कॅनियन ट्रेलहेडला होते आणि शेवट लेफ्ट फोर्क ट्रेलहेडला, म्हणजे दोन गाड्या लागतात, नाहीतर भाड्याची शटल. ही सोय परमिटच्या आधी करा.

पार्कचं प्रवेशशुल्क परमिटमध्ये धरलेलं नाही. २०२६ पासून झायनसह ११ पार्कांमध्ये अमेरिकेबाहेरच्या पाहुण्यांना नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जास्तीचे पडतात. १६ वर्षांखालच्यांना ते नाहीत. आईबाबा भारतातून आलेले असतील तर हा हिशेब आधीच करा. अनिवासी वार्षिक पास २५० डॉलरला आहे. आपण अमेरिकेतच राहतो हे दाखवायला राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स जवळ ठेवा. "आम्ही दहा वर्षं इथे आहोत" हे गेटवरच्या खिडकीला तोंडी सांगून भागत नाही.

तारीख आणि घड्याळ

परमिटं एकदम सुटत नाहीत. मागणी जास्त असलेल्या घळींना आगाऊ लॉटरी असते, काही जागा नंतर सुटतात, काही अगदी शेवटच्या दिवसांत. जूनमध्ये जागे झालेल्यांसाठी शेवटच्या दिवसांतल्या जागा एवढाच आधार उरतो. प्रत्येक फेरीला वेगळी तारीख आणि वेगळं अर्जशुल्क आहे. ते शुल्क नंबर लागला नाही तरी परत मिळत नाही.

आता चुका. फॉर्मवर ०७/०८ म्हणजे ८ जुलै. आपला हात ७ ऑगस्ट समजून पुढे जातो. हसू नका, चांगल्या शिकलेल्या माणसांनी हे केलंय आणि विमानाची तिकिटंही त्याच समजुतीवर काढलीत.

मग घड्याळ. सगळ्या मुदती माउंटन टाइमच्या, आणि उन्हाळ्यात भारत त्यापेक्षा साडेअकरा तास पुढे. युटा उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतं, ॲरिझोना करत नाही. नवाहो नेशन करतं, पण ॲरिझोनातलं पेज गाव आणि तिथल्या अँटिलोपच्या फेऱ्या ॲरिझोनाच्या वेळेवर चालतात. पेजमध्ये मुक्काम असेल आणि मुदत युटाची सकाळी १० ची असेल, तर तुमच्या घड्याळात ९ वाजताच ती संपते. सीमेजवळ फोन कधी हे टॉवर पकडतो, कधी ते, त्यामुळे फोनवर विसंबू नका. हॉटेलच्या कागदावर दोन्ही वेळा लिहून ठेवा.

माणसं मोजताना

झायनमध्ये एका गटात जास्तीत जास्त १२. एकाच कुटुंबातले किंवा एकाच मंडळाचे लोक एका दिवशी एका घळीत मिळून १२ च्या वर जाऊ शकत नाहीत, मग परमिटं दोन का असेनात. एका परवाना खिडकीवर मी स्वतः पाहिलंय : तेरा जण, सात आणि सहा अशी दोन परमिटं, आणि सगळ्यांच्या अंगावर 'रीयुनियन' छापलेले एकाच रंगाचे टी-शर्ट. खिडकीमागच्या बाईंनी काही विचारलंही नाही, नुसतं शर्टांकडे पाहिलं. मार्ग सरळ आहे : दोन दिवस घ्या किंवा दोन वेगळ्या घळी घ्या.

मंजूर आकड्यापेक्षा कमी आले तर चालतं, एकही जास्त चालत नाही. सबवेत दिवसाला ८० जण जातात, त्यामुळे बारांच्या गटाला जागा मिळणं चौघांपेक्षा कठीण. "येतील कदाचित" वाल्यांना मोजून आकडा फुगवू नका.

परमिट मिळालं, आता आभाळ

उन्हाळ्याच्या सुरुवातीला अडचण वितळलेल्या बर्फाची असते. व्हर्जिन नदीचा प्रवाह सेकंदाला १२० घनफुटांच्या वर असेल तर नॅरोज वरून करायची परमिटं देत नाहीत. १५० च्या वर गेला की नॅरोज बंदच. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत वळवाच्या सरी आणि अचानक येणारे लोंढे.

पूरशक्यतेच्या पाटीवर चार पायऱ्या असतात : नॉट एक्स्पेक्टेड, पॉसिबल, प्रोबेबल, एक्स्पेक्टेड. 'प्रोबेबल' ही तिसरी पायरी आहे, आपण मात्र ती 'बहुधा, बघू' अशी वाचतो. 'वॉच' आणि 'वॉर्निंग' यांचीही उलटापालट होते. वॉच म्हणजे पूर येण्याजोगी हवा आहे. वॉर्निंग म्हणजे पूर येतोय किंवा आलाय.

१४ सप्टेंबर २०१५ ला झायनमधल्या कीहोल कॅनियनमध्ये सात जण वाहून गेले. त्या दिवशीची पाटी 'प्रोबेबल' होती आणि त्यांच्याकडे रीतसर परमिट होतं. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोपमध्ये अकरा जण गेले. पाऊस त्यांच्या डोक्यावर नव्हता, कित्येक मैल लांब पडत होता. परमिट दिलं म्हणजे कार्यालयाने आभाळाची हमी घेतली, असा समज काढून टाका. ते देताना रेंजर हवामानाचा कागद फिरवून तुमच्यासमोर ठेवतो आणि गप्प बसतो. निर्णय तुमच्यावर सोडलेला असतो, हे पुष्कळांना तिथे उभं असताना कळतच नाही. पैसे भरलेत, रजा टाकलीय, पोरं गाडीत ओरडतायत, आणि माणूस सही करून मोकळा होतो. म्हणून त्याच दिवसासाठी पाण्याशी संबंध नसलेला दुसरा बेत आधीच ठरवून ठेवा. मग त्या खिडकीसमोर "नको" म्हणणं जरा सोपं जातं.

आणि परमिट गाडीत ठेवू नका, ते घळीत तुमच्याबरोबर हवं. साध्या कागदावर छापलेलं पहिल्या डोहात लगदा होतं. दोन झिपलॉक पिशव्या, एकात एक, आणि त्या ड्राय बॅगेत.