एक्सपोर्टच्या यादीतली नावं कुठून आली?

लग्नाचं किंवा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाचं व्हिडिओ मिक्सिंग संपवून ‘एक्सपोर्ट’ दाबलं, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढायला घेतली, की फाइलच्या प्रकारांची भली मोठी यादी उघडते. एव्हीआय, एमओव्ही, एमपीईजी-२, एमपी४, एच.२६४, एच.२६५. वडसा-ब्रह्मपुरीकडची नवी पोरं विचारतात, “भाऊ, यातलं सगळ्यात चांगलं कोणतं जी?” माझ्या मते तो प्रश्नच अर्धा आहे. यादीतलं जवळपास प्रत्येक नाव त्या त्या काळच्या कुठल्या तरी यंत्रासाठी आलं. म्हणून आधी विचारायचं ते हे, की बघणाऱ्याच्या घरी काय आहे?

कॅसेटच्या काळात निवड नव्हतीच. जपानी कंपनी जेव्हीसीनं १९७६ मध्ये आणलेली व्हीएचएस कॅसेट हाच एक रस्ता होता. एका कॅसेटवरून दुसरी करायची आणि प्रत्येक कॉपीत रंग थोडे फिके पडायचे. कॉम्प्युटरवर ॲपलचं क्विकटाइम १९९१ मध्ये आलं, त्यातून एमओव्ही. मायक्रोसॉफ्टचं एव्हीआय १९९२ चं. ही दोन्ही खरं तर पोती आहेत. पोत्यावरून आत धान आहे की तूर ते कळत नाही, तसंच फाइलच्या नावामागच्या शेपटावरून आतलं चित्र कोणत्या पद्धतीनं दाबून लहान केलंय ते कळत नाही. “एमपी४ दिली तरी टीव्हीवर चालत नाही” ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. त्या आतल्या पद्धतीला कोडेक म्हणतात. यादीतली एमपीईजी-२, एच.२६४, एच.२६५ ही कोडेकची नावं.

दाबण्याच्या या विद्येत आपल्या माणसांचा मोठा वाटा आहे आणि तो आपल्या पोरांना माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ मध्ये डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म ही गणिती रीत मांडली. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे आणि डोळ्याला फारसा न जाणवणारा बारीक तपशील त्यातून वगळायचा. व्हीसीडी, डीव्हीडी आणि आजचं एच.२६४ याच पायावर उभे आहेत. वरातीत लायटिंग झगमगलं की जुन्या सीडीवर चित्राचे चौकोन फुटायचे, ते हेच चौकोन.

व्हीसीडीचं मानक १९९३ चं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एका सीडीत साधारण ७४ मिनिटं. रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकाला पाच-सहा सीड्या लागायच्या. मग डीव्हीडी आली. एमपीईजी-२, ७२० बाय ५७६, एका थराच्या चकतीत ४.७ जीबी. चित्र एकदम उघडलं.

कॅमेऱ्यातली मिनीडीव्ही टेप मात्र या दोन्हींपेक्षा मोठा ऐवज होती. तासाला सुमारे १३ जीबी. तेवढी हार्डडिस्क परवडत नव्हती, म्हणून व्हीसीडी काढून झाली की त्याच टेपवर पुढचं लग्न भरायचो. अनेक वर्षांनी एक घर वडिलांची नाटकातली भूमिका मागायला आलं. माझ्याकडे फक्त व्हीसीडी उरली होती. त्यात चेहरा ओळखू येतो, डोळे दिसत नाहीत. मोठ्या टीव्हीवर तर आणखीच पुसट. सॉफ्टवेअर बदललं तरी गेलेला तपशील परत येत नाही. ती गोष्ट मला अजून लागते.

एच.२६४ चं मानक २००३ मध्ये पक्कं झालं. एमपीईजी-२ च्या साधारण निम्म्या जागेत तसंच चित्र मावू लागलं. एमपी४ चं पोतं क्विकटाइमच्याच रचनेवरून बेतलेलं. पण गावाकडच्या माणसानं त्याची एक खोड लक्षात ठेवावी. कोणतं चित्र फाइलमध्ये कुठे आहे याची सूची साध्या एमपी४ मध्ये काम पूर्ण झाल्यावर लिहिली जाते. मध्येच लाइन गेली तर तीन तासांची फाइल उघडतच नाही. एमपीईजी-२ ची अर्धवट फाइल निदान तिथपर्यंत चालायची. लोडशेडिंगच्या दिवसांत आम्ही नाटक अंका-अंकानं एक्सपोर्ट करायचो ते यामुळेच. यूपीएस असला तरी मी अजूनही तसंच करतो.

पेनड्राइव्हची अडचण वेगळी. बरेचसे फॅट-३२ नावाच्या फाइल मांडणीत असतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी नाही.

एच.२६५ आलं २०१३ मध्ये. जागा आणखी वाचते, पण एक्सपोर्टला कॉम्प्युटरचा जीव जातो आणि खेड्यात अजून चालू असलेल्या जुन्या एलईडी टीव्हींवर अनेकदा नुसता आवाज येतो, पडदा काळा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर बघणं टीव्हीवरून मोबाइलवर गेलं. तिथे व्हॉट्सॲप व्हिडिओ पुन्हा दाबतं, तेव्हा स्टेटससाठी छोटी, वेगळी फाइल काढलेली बरी.

सध्या मी घरासाठी एच.२६४ ची एमपी४ देतो, १९२० बाय १०८०, अंकागणिक आणि प्रत्येक फाइल ४ जीबीच्या आत. नाटकाची जाड बिटरेटची, म्हणजे दर सेकंदाला जास्त माहिती साठवणारी, मूळ फाइल दोन हार्डडिस्कवर असते. एक माझ्याकडे, दुसरी नाट्यमंडळाकडे.